हे घेऊ नका

“मॅडम, तुम्ही जेवलात का?”

एवढंच विचारायचं होतं. पैज महजबीननं लावली, सुरुचीनं तिला तिखट-मीठ लावलं, आणि हल्ली कुणी ‘तुला जमणार न्हाई’ म्हटलं की चिन्मयीच्या बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून तिनं पडद्यावरच्या ‘शंका असल्यास’ या चौकोनात ते वाक्य टाईप करून टाकलं. चौकोन खरं तर अस्पष्ट शब्दांसाठी होता. मुंबईतल्या मॅडमनी बोलता बोलता एखादा शब्द गिळला, तर इकडं बदनापूरला टाईप करणाऱ्यानं तिथं लिहायचं, शब्द कळला नाही, कृपया पुन्हा सांगावा. जेवणाखाण्याची चौकशी करायची ती जागा नव्हे. आई स्वयंपाकघरात येसरच्या आमटीला फोडणी देत होती आणि खमंग धूर बाहेरच्या खोलीत येऊन तिघींच्या वेण्यांत बसत होता.

“भेज ना,” महजबीन म्हणाली. “दिवसभर माझी मॅडम, माझी मॅडम करती. मंग पाठव की.”

“अगं, पण खाली नाव आईचं जातं, शरयू म्हणून.”

“मंग तुला कामून भ्याव लागू राह्यलं?” सुरुची म्हणाली. “बोलणी बसली तर काकूला बसतील.”

चिन्मयीनं बटण दाबलं. चौकोन रिकामा झाला. सुरुची आणि महजबीन उशीत तोंड खुपसून हसल्या, आत ऐकू जाऊ नये म्हणून. चिन्मयी त्यांच्याकडं बघत राहिली. या घरात कितीही मोठ्यानं हसलं तरी स्वयंपाकघरापर्यंत काही पोचत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिनंही मग शहाण्यासारखं उशीत तोंड खुपसलं.

त्या गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. टेबलावर केंद्राचा कॉम्प्युटर, त्याला लटकलेला काळा हेडफोन, समोरासमोर दोन खुर्च्या. हे काम बदनापूरला कसं आलं ते आई पूर्वी रंगवून सांगायची. मुंबईत म्हणे माणसं उदंड, पण त्यांना बसवायला जागा न्हाई. म्हणून खात्यातलं टायपिंग बाहेर काढलं, ते कंत्राटावर या गावाहून त्या गावाला फिरलं, आणि शेवटी थकून स्टेशनरोडवर, खताच्या दुकानावरच्या खोलीत येऊन बसलं. खोलीला केंद्र म्हणायचं. केंद्र चालवायचा राधेश्याम, ज्याला पोरी मागं ‘जल्दी’ म्हणायच्या, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसे. सुरुवातीला मुंबईहून हातानं लिहिलेल्या कागदांचे फोटो यायचे आणि आई ते बघून टाईप करायची. बघायचं आणि मारायचं, बघायचं आणि मारायचं. आईच्या हाताला जालन्यापासून भोकरदनपर्यंत तोड नव्हती, असं पप्पा म्हणायचे, आणि पप्पा कुणाची उगाच तारीफ करणाऱ्यांतले नव्हते. मग एक दिवस कागद यायचे बंद झाले आणि आवाज यायला लागले. तिकडचे साहेब लोक आता लिहीत नव्हते, छोट्या यंत्रात बोलत होते, आणि तो आवाज कानात घालून टाईप करायचं होतं. त्या दिवशी आई घरी आली ती चप्पल घालूनच देवघरापर्यंत गेली होती.

आईचे कान कधी गेले ते नेमकं कुणालाच सांगता आलं नसतं. ते गेलेच नाहीत मुळी, ते जात राहिले. आधी ती पप्पांच्या गाडीची शिट्टी ओळखायची. पप्पा जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघतात, रोज रेल्वेनं येतात, आणि गाडी स्टेशनात शिरली की आई तवा टाकायची. मग तवा उशिरा पडायला लागला. मग ती सगळ्यांच्या हसण्यानंतर हसायला लागली, जरासं मागून, जशी वर्गात शेवटच्या बाकावरची पोरगी समोरचीचं बघून हात वर करते. कानात घालायचं मशीन आणलं होतं. पण त्यात कुकर, रेल्वे आणि पप्पा एकाच गोंगाटात यायचे, शब्द होऊन कुणीच यायचं नाही, तेव्हा ते कपाटात गेलं. आणि मग केदारखेड्याचं झालं. लग्न होतं. मांडवात एक बाई आईच्या शेजारी येऊन बसली, हात धरून म्हणाली, आमचा धाकटा भाऊ गेला हो दिवाळीत. सनई, लाऊडस्पीकर, पंगतीची घाई. आई हसली. तोंडभरून हसली आणि म्हणाली, “बरं झालं, लई बरं झालं.” चिन्मयी पलीकडंच उभी होती, हातात जिलबी होती. त्या बाईचा हात आईच्या हातातून सुटून कसा मागं गेला, ते तिला अजून दिसतं. जिलबीचा पाक मनगटापर्यंत ओघळलेला आणि तो पुसायचं तिला सुचलेलं नव्हतं. त्यानंतर आई कुठल्या लग्नाला गेली नाही.

पण काम तिनं सोडलं नाही. राधेश्यामला सांगितलं, केंद्रात डोकं दुखतं, मशीन घरी न्यायला द्या. त्यानं दिलं. “फक्त जल्दी पाठवत जा, ताई.” आणि घरी आईनं टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या ठेवल्या, दिवा चिन्मयीच्या तोंडावर पडेल असा वळवला, आणि म्हणाली, “तू ऐक. तू बोल. मी बघते.”

तेव्हापासून शाळा सुटल्यावर हेडफोन चिन्मयीच्या कानावर असायचा, आणि मुंबईहून आलेली वाक्यं तिच्या ओठांवरून आईच्या बोटांत उतरायची. आवाज काढायची गरज नव्हती. आईला आवाजाचा उपयोग काय? तिला ओठ लागायचे. आई कीबोर्डकडं बघायची नाही, पडद्याकडं बघायची नाही, लेकीच्या तोंडाकडं टक लावून बघायची आणि बोटं खाली आपली आपण पळायची. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या: म असला की बोट नाकाला, ब किंवा भ असला की गळ्याला, आणि प ला काहीच नाही. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, एक पोरगी मुक्यानं वेडावून दाखवतेय आणि आई तिचा टेलिफोन नंबर लिहून घेतेय. खोलीत फक्त किल्ल्यांची टकटक. उन्हं उतरायची, मागं मोसंबीच्या बागेला पाणी सोडायची मोटार सुरू व्हायची, आणि चिन्मयी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं ओठांनी नीट घडवून, एकेक अक्षर धुतल्यासारखं, आईपुढं ठेवायची.

मजा अशी झाली की त्या मुक्या बोलण्यानं तिला वाचा फुटली. आधी ती वर्गात अशी बसायची की हजेरी घेताना बाई विचारायच्या, आहे का गं ही. आता ओठांना स्पष्ट बोलायची इतकी सवय लागली की यंदाच्या वक्तृत्वात तिनं पहिलं वाक्य उच्चारलं आणि मागच्या रांगेतली पोरं कुजबुजायची थांबली. तो क्षण तिनं पुन्हा पुन्हा काढून चघळला होता, आवळा सुपारीसारखा. आता प्रार्थनेला सूचना तीच द्यायची. “सबब उद्या डबा आणावा,” असं म्हणायची आणि अख्खी शाळा हसायची. सुरुचीनं तिची पोळी पळवली तर म्हणायची, उपरोक्त मुलीनं माझी पोळी खाल्ली आहे, यास्तव चौकशी व्हावी. हे शब्द मॅडमचे होते. बोलायची तिची ढबसुद्धा मॅडमची होती. वाक्याच्या शेवटी जरासं थांबायचं, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबतात तसं, आणि मग खाली उतरायचं.

मॅडमचं नाव तिला ठाऊक नव्हतं. आवाजाच्या फायलीवर नुसता खात्याचा क्रमांक असायचा. पण आवाज ओळखीचा झाला होता, आईच्या आवाजाहूनही, कारण आई हल्ली फार बोलायची नाही आणि बोलली तर एक तर फार मोठ्यानं किंवा फार हळू. मॅडमचा आवाज वयाचा होता. त्यामागं पंखा फिरायचा, कबुतरं घुमायची, कधी कुठल्याशा बोटीचा भोंगा. त्या बोलायच्या ते जुन्या फर्निचरबद्दल, गाड्या भंगारात काढण्याबद्दल, कुणाच्या तरी रजेबद्दल. पण त्यांची एक जुनी सवय होती, समोर टायपिस्ट बसायची त्या काळातली. मध्येच काही वेगळं बोलायचं असलं, कुणी आत आलं, चहा सांडला, की त्या म्हणायच्या, “हे घेऊ नका.” आणि ते संपलं की म्हणायच्या, “घ्या.” या दोन शब्दांमधलं कागदावर जायचं नाही. ‘घेऊ नका’ आलं की चिन्मयी ओठ मिटायची. आईची बोटं किल्ल्यांवरून वर उचलली जायची आणि तशीच हवेत थांबायची, पेटीवाल्यानं सूर लागायची वाट बघावी तशी. चिन्मयी ऐकत असायची. आई तिचा चेहरा बघत असायची. मग “घ्या” यायचं आणि दोघी पुन्हा कामाला लागायच्या.

पैजेनंतरची फाईल आली. आईनं दिवा वळवला. चिन्मयीनं हेडफोन चढवला. पंखा. कबुतरं. मग मॅडम, रोजच्याच आवाजात: “हे घेऊ नका. शरयूबाई, नाही जेवले. घ्या. विषय, तळमजल्यावरील नादुरुस्त कपाटे निर्लेखित करणेबाबत.”

तिच्या कानांत गरम पाणी ओतल्यासारखं झालं. ओठ मिटलेले. आईची बोटं हवेत. आईनं भुवया वर केल्या, काय गं, आणि चिन्मयीनं मान हलवली, काही न्हाई, आणि ‘विषय’ म्हणायला ओठ उघडले. आईनं ‘कपाटे’ टाईप केलं. दुसऱ्या दिवशी तिनं महजबीनला सांगितलं, उत्तर आलं. महजबीन म्हणाली, “हट, झूठ.” आणि चिन्मयीनं पुढं सांगितलंच नाही. हे तिला स्वतःलाच नवल वाटलं, कारण हल्ली ती काहीच पोटात ठेवायची नाही. पण ‘घेऊ नका’ म्हणून जे दिलेलं असतं ते कसं वाटायचं?

मग ते सुरूच झालं. आई काम तपासून भाकरी टाकायला उठली की चिन्मयी त्या चौकोनात एक ओळ लिहायची. आज तरी जेवलात का. तिकडं पाऊस आहे का. आणि पुढच्या आवाजात, दोन शब्दांच्या मधल्या फटीत, मॅडम उत्तर द्यायच्या. त्या फटी हळूहळू रुंद होत गेल्या. त्यांच्या समोर गिरिजाबाई नावाची टायपिस्ट बसायची, नोकरीभर बसली. मॅडमनी श्वास घेतला की तिला वाक्य कळायचं. दुपारी डबे एकत्र उघडायचे. मॅडमच्या डब्यातली भाजी गिरिजाबाई खायची आणि गिरिजाबाईंचं लोणचं मॅडम. मग काम बाहेर द्यायचं ठरलं. टायपिस्टांचा हॉल रिकामा झाला, तिथं कपाटं आली, आणि आता ती कपाटंही चालली. “गिरिजाचं टेबल मी ठेवून घेतलंय,” मॅडम म्हणाल्या. “हे यंत्र त्याच्यावर ठेवते. काडेपेटीएवढं आहे. बोलताना कुठंतरी बघायला हवं ना, शरयूबाई. घ्या.” आणि दुसऱ्या एका दिवशी: “हे घेऊ नका. माझी पहिली नेमणूक तुमच्या भोकरदनला होती. हसनाबादला पाहणीला गेलं की दारादारांत विचारायचे, जेवलात का. मला राग यायचा. वाटायचं, कामाचं बोला की. इतक्या वर्षांनी तुम्ही विचारलंत, आणि मी डबा घरी विसरले होते. घ्या.”

चिन्मयी ऐकायची. ते गोड वाटायचं आणि बोचायचंही. मुंबई तिनं पाहिली नव्हती. तिला वाटायचं तिकडं माणूस माणसाला खेटून असतं, एकटं बसायला जागाच नसेल. आणि इथं एक बाई रिकाम्या टेबलाशी बोलत होती, आणि ते बोलणं एवढं रान, एवढे डोंगर ओलांडून बदनापूरला एका पोरीच्या कानात पडत होतं, जी तोंड मिटून बसली होती. तिला बोलावंसं वाटायचं. पण सगळं बोलणं ‘शरयूबाई’ला होतं. मॅडमच्या तोंडून ते नाव आलं की चिन्मयी चरकायची, जसं आपल्या वाढदिवसाला घरी येऊन कुणी आपल्या भावालाच भेट द्यावी, आणि तिला तर भाऊही नव्हता. एकदा तिनं चौकोनात लिहिलं, ‘मी शरयूबाई नाही, मी चिन्मयी, अकरावीत आहे’. वाचलं. एकेक अक्षर मागून खोडत नेलं. आई ऐकू शकत नाही हे राधेश्यामला कळलं तर मशीन उद्या परत जाईल. आवाजाच्या कामाला बहिरी बाई, असं तो म्हणेलही कदाचित, तोंडावर नाही, पण म्हणेल. आणि मशीन गेलं तर आईकडं काय उरलं? लग्नं गेली, भिशी गेली, गाडीची शिट्टी गेली. उरले हे हात. तेव्हा तिनं त्याऐवजी लिहिलं, ‘आज येसर आणि ज्वारीची भाकरी’. आणि मॅडम पुढच्या वेळी म्हणाल्या, “येसर. अहाहा. घ्या.”

त्या दिवशी शुक्रवार होता. वक्तृत्वाच्या तालुक्याच्या फेरीत निवड झाल्यानं चिन्मयी उड्या मारत घरी आली होती, आईला ओठांनी सांगितलं होतं, आईनं तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली होती. सगळंच चांगलं चाललं होतं. हेडफोन. दिवा. पंखा, कबुतरं. ‘वाहनचालकांच्या गणवेशाबाबत.’ ओठ आणि बोटं एका दोरीनं बांधल्यासारखी चालली होती. मग मॅडम म्हणाल्या, “हे घेऊ नका,” आणि तिनं ओठ मिटले. “सोमवारी बैठकीसाठी जालन्याला येत आहे. परतताना बदनापूर येथील केंद्रास भेट देईन. राधेश्याम यांना तसं कळवलं आहे. शरयूबाई, तुमच्या हातची भाकरी खायची आहे मला. तुम्हाला एकदा बघायचं आहे. घ्या.”

आणि चिन्मयीचे ओठ हलत होते. कधी उघडले ते तिला कळलंच नाही. मॅडम येणार, या गावात, त्या आवाजाला चेहरा असणार, या धक्क्यानं ओठ सवयीनं आपले आपण चालू पडले होते आणि एकेक शब्द नीट घडवून पुढं ठेवत होते, ‘भेट’ला भ आला तर गळ्याला बोटसुद्धा लावून झालं होतं. समोर टकटक चालू होती. आईला त्यात वावगं काय वाटणार? बैठक, केंद्र, भेट, सगळे सरकारीच शब्द. बोटं पळत होती. श, र, यू. तिथं ती थांबली. हवेत वर गेली नाहीत, किल्ल्यांवरच बसून राहिली. आईनं पहिल्यांदाच नजर काढली आणि पडद्याकडं बघितलं. गणवेशाच्या खाली तिचं नाव होतं.

“माझं नाव कामून आलं इथं?” आई म्हणाली. फार मोठ्यानं. मोटारीच्या आवाजाहून मोठ्यानं.

चिन्मयीनं हेडफोन काढला. ओठांनी म्हणाली, ते घ्यायचं नव्हतं.

“मंग तू बोलली कामून?”

मग सांगावं लागलं. पैज, चौकोन, जेवलात का, येसर. आवाजाविना, दिव्याखाली, एकेक शब्द. इतकं स्पष्ट ती कधीच बोलली नव्हती आणि इतकं पळून जावंसंही कधी वाटलं नव्हतं. आई ओठांवरून नजर हटवत नव्हती. रागावलीही नाही. सगळं झाल्यावर पदरानं कीबोर्ड पुसला, उगाच, आणि आता अगदी हळू आवाजात म्हणाली, “तू मधीच हसायची. एकदा डोळे भरून आल्ते तुझे. मला वाटायचं, तिकडं काहीतरी बोलणं होऊ राह्यलं. पण घ्यायचं न्हाई म्हणल्यावर मी कसं विचारू?” आणि मग, “माझं नाव घेऊन बोलायच्या?”

चिन्मयीनं होकारार्थी मान डोलवली.

“रोज?”

तिनं पुन्हा मान डोलवली. आई उठली आणि आत गेली. आतून पीठ मळल्याचा आवाज येत राहिला, आणि तो ऐकणारी घरात एकटी चिन्मयीच होती.

पप्पा आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. त्यांचं नाव भालचंद्र, आणि या नावाचा माणूस शांत असायला हवा तेवढे ते शांत होते. आवाज चढवायचे नाहीत, आईसाठी सुद्धा. चिन्मयीनं त्यांना सोमवारचं सांगितलं. त्यांचा घास हातात राहिला. “ताप आला म्हणून कळवू,” ते म्हणाले. “राधेश्यामशी मी बोलतो. सोमवार टळला की झालं.” आई भाकरी वाढायला वाकली होती, तिनं त्यांच्या तोंडाकडं बघायच्या आत पप्पांनी मान चिन्मयीकडं वळवली आणि पुढचं बोलले. “काम जाईल तो भाग वेगळा. पण ती बाई प्रेमानं काहीबाही बोलत राहणार आणि ही आपली हसत बसणार. केदारखेड्याला काय झाल्तं, तू बघितलंस ना. तिथून घरी आल्यावर हिनं डोकं भिंतीला टेकवून… तुला नसेल ठाऊक. माझ्यानं पुन्हा न्हाई बघवणार ते.” त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते. आई टोपली हातात धरून उभी होती. या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होती. बोटं टोपलीच्या कडेला, अगदी तशीच, थांबलेली.

“काय म्हणले?” आईनं विचारलं.

“काही न्हाई,” पप्पा म्हणाले.

आणि आईनं मान डोलवली, आणि भाकरी वाढली.

काही न्हाई. चिन्मयीला वाटलं, हे दोन शब्द आपण आज पहिल्यांदा ऐकले. खरं म्हणजे ते या घरात पाण्याच्या हंड्यासारखे होते, कायम भरलेले, येता-जाता कुणीही बुडवून घ्यावे. शेजारच्या बेबीनंदाकाकू दारात येऊन लांबण लावून गेल्या की आई विचारायची, काय म्हणत होत्या. काही न्हाई. टीव्हीवर सगळे हसले की काय झालं. काही न्हाई. फोनवर कोण होतं, काय म्हणालं. काही न्हाई, आई, काही न्हाई. सांगायचा कंटाळा म्हणून, लांबलं म्हणून, तिला वाईट वाटेल म्हणून. मॅडम तर नुसतं कागदाला म्हणायच्या, घेऊ नका. आपण आईला म्हणतो. सकाळपासून रात्रीपर्यंत म्हणतो, आणि त्या मागून ‘घ्या’ काही येत नाही. तिची बोटं वर्षानुवर्षं हवेतच आहेत. तिकडं मुंबईत एक बाई रिकाम्या टेबलाशी बोलते, इकडं एका बाईशी कुणी बोलत नाही, आणि मधल्या दोरीला धरून आपण बसलो, गोड वाटत होतं म्हणून. तिला गिरिजाबाईंचं लोणचं आठवलं. तिनं ते कधी चाखलेलं नव्हतं, तरी जिभेवर आलं, आंबट.

सोमवारी तिला जायचं होतं. तिला मॅडमना बघायचं होतं, इतकं की मघापासून तिनं मनात त्यांना कितीतरी साड्या नेसवून बघितल्या होत्या. आईच्या शेजारी बसायचं, मॅडमचं बोलणं ओठांनी आईकडं पोचवायचं, असा एक रस्ता होता. पप्पांना तो पटलाही असता. पण मग मॅडम कुणाकडं बघून बोलतील? जो ऐकतो त्याच्याकडंच माणूस बघतं.

ती ताटावरून उठली. हात धुतले. जेवणाच्या जागी पप्पा उत्तरेकडं तोंड करून बसले होते आणि आई चुलीपाशी. दोघांनाही कळेल अशी घरात एकच जागा होती, फ्रिजसमोर, दिव्याखाली. ती तिथं जाऊन उभी राहिली, जशी व्यासपीठावर उभी राहते, आणि बोलली ते ओठांनी आईसाठी आणि आवाजानं पप्पांसाठी, दोन्ही एकदम. घरात असं ती आजवर कधी बोललेली नव्हती.

“पप्पा, आई, मी ठरवलंय. ताप-बीप काही कळवायचा न्हाई. आत्ता जेवण झालं की मी चौकोनात लिहिणार आहे. शरयूबाईंना ऐकू येत न्हाई, त्या ओठ वाचतात, तुमचं सगळं टाईप त्यांच्याच हातचं आहे, कान तेवढे माझे. समोर बसा, उजेडात बसा, सावकाश बोला. खाली माझं नाव लिहिणार.”

“अगं, मशीन जाईल,” पप्पा म्हणाले. “राधेश्याम एक दिवस ठेवणार न्हाई.”

“जाऊ शकतं,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण वाक्याच्या शेवटी ती जरा थांबली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबावं तशी. “सोमवारी मी शाळेत जाणार. आई एकटी जाणार, भाकरी घेऊन. अन् जायच्या आधी तिला सगळं ठाऊक पायजे. मॅडम आजवर जे जे घेऊ नका म्हणल्या, ते सगळं मी आज तिला सांगणार आहे. अन् पप्पा, तुम्ही आत्ता ‘काही न्हाई’ म्हणले, तेपण. केदारखेड्यासकट.”

पप्पांनी मान खाली घातली. आईनं टोपली खाली ठेवली. ओल्या हातांचं पीठ पदराला पुसलं, बाहेरच्या खोलीत गेली, आपल्या खुर्चीत बसली आणि दिवा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं वळवला. बोटं किल्ल्यांच्या जरा वर, हवेत.

चिन्मयी समोर जाऊन बसली. हेडफोन तिनं घातला नाही.

“आई,” ती म्हणाली, आवाजासकट, “घे.”